गोजराबाईला कोणी सांगितलं नाही

गोजराबाई नाशिकला रविवार कारंज्याजवळ फुलं विकायची. मखमलाबादला घरचं थोडं रान होतं. त्यात नवरा सावळीराम शेवंती, झेंडू, निशिगंध काढायचा, आणि ती सकाळच्या पहिल्या टांग्यानं पाट्या घेऊन शहरात यायची. जागा ठरलेली होती. एका बाजूला भांड्यांचं दुकान, दुसऱ्या बाजूला अक्काबाईचा तुळशी-दुर्वांचा वाटा. दोघींचं रोज भांडण व्हायचं आणि रोज दोघी एकाच डब्यात जेवायच्या.

गजरे ओवण्यात तिचा हात धरणारं त्या रांगेत कोणी नव्हतं. उजव्या पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवायचा, गुडघा उभा धरायचा आणि दोरा ताणून दोन्ही हातांनी कळ्या बांधत जायचं. गिऱ्हाइकाशी घासाघीस चाललेली असायची, डोळे रस्त्यावर असायचे आणि गजरा आपला पुढं सरकत असायचा. तोंड मात्र तिखट. भाव पाडून मागणाऱ्याला ती म्हणायची, "बाई, फुलं घ्यायची नसली तर वास घेऊन जा, त्याचं काय घेत नाय मी."

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्याच अंगठ्याच्या नखावर एक काळी रेघ दिसायला लागली. नखाच्या मुळापासून टोकापर्यंत, काडीएवढी.

"झेंडूचा डाग हाय," अक्काबाई म्हणाली. "लिंबानं घास."

तिनं लिंबानं घासलं, चिंचेनं घासलं, राखेनं घासलं. रेघ जशीच्या तशी राहिली. सावळीरामनं बघितलं आणि तो म्हणाला, "मागं घागर पडली होती ना पायावर, रक्त साकळलं असंल."

"घागर डाव्या पायावर पडली होती!" ती खेकसली. "घरात काय होतं ते तरी बघत जा."

 सावळीराम तसा कमीच बोलायचा. दिवसभर फुलांच्या सऱ्यांत वाकून राहणारा माणूस. बोलायची वेळ आली की डोक्यावरची टोपी काढून हातात फिरवायचा.

पावसाळ्यात रेघ रुंद झाली. गोजराबाई पंचवटीतल्या एका डॉक्टरकडे गेली. त्यांनी टेबलामागूनच पायाकडे नजर टाकली आणि मलमाची नळी लिहून दिली. "ओल्यात काम करता, नखात बुरशी धरलीय." ती नळी संपली, दुसरीही संपली. मग दुसऱ्या डॉक्टरनं नख उपटून काढलं. "आता नवीन येईल ते स्वच्छ येईल," तो म्हणाला. ती पंधरवडाभर चप्पल न घालता, पायाला फडकं बांधून, त्याच अंगठ्याला दोरा लावून बाजारात बसली, कारण दोरा डाव्या अंगठ्याला लावला की तिचा हात चालत नव्हता.

नवीन नख आलं ते दुभंगलेलं, आणि दोन्ही बाजूंनी काळं. काळेपणा आता नखावरच राहिला नव्हता, मागच्या कातडीवरही उतरला होता. शाई सांडून पसरावी तसा. मग त्यातून पाणी यायला लागलं. एका सकाळी मोगऱ्याचा गजरा घेऊन गेलेली एक बाई तावातावानं परत आली. "हे काय? रक्त लागलंय फुलांना!" गोजराबाईनं पाय लुगड्याखाली ओढून घेतला आणि तिला दुसरा गजरा दिला. ती काही बोलली नाही याचंच अक्काबाईला नवल वाटलं. तिनंच सावळीरामला निरोप धाडला, "हिला मोठ्या डॉक्टरला दाखवा."

मोठा डॉक्टर म्हणजे शस्त्रक्रिया करणारा सर्जन. त्यानं पहिल्यांदाच पाय हातात घेऊन बघितला, उजेडाकडं वळवला, जांघेत बोटं दाबून चाचपलं आणि जखमेचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. त्याचं उत्तर आलं तेव्हा दवाखान्यातल्या माणसानं दारातून विचारलं, "गोजराबाईचे नातेवाईक कोण?"

सावळीराम उठला. त्याच्याबरोबर त्याचा थोरला भाऊ कारभारी उठला. कारभारीला सगळे आबा म्हणत. घरातला कुठलाही निर्णय त्याच्यावाचून होत नसे. दोघं आत गेले. गोजराबाई बाहेर बाकावर बसून राहिली. ती उठून दाराजवळ गेली, तर त्या माणसानं तिला सांगितलं, "बाई, तुम्ही बसा. तुम्ही पेशंट आहात."

दोघं बाहेर आले ते एकमेकांकडं न बघता.

"काय म्हणला?" तिनं विचारलं.

"नखाचं दुखणं हाय," आबा म्हणाला. "मुंबईला जाऊन नीट करायचं."

"नखासाठी मुंबई?"

"तू कशाला डोक्याला ताप करून घेती? आम्ही हाय ना."

थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर सांभाळून जेवढं बोलता येतं तेवढंच ती बोलू शकत होती. ती सावळीरामकडं वळली. सावळीराम टोपी फिरवत होता.

मुंबईच्या एका इस्पितळात तिला दाखल केलं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी नर्सनं शाईची डबी पुढं केली. "अंगठा द्या, मावशी. ऑपरेशनचा कागद आहे." तिनं दिला. ऑपरेशनात काय काढणार ते तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि नर्सला वाटलं सांगितलं असेल. शुद्धीवर आल्यावर पायाचं बांधलेलं बोचकं तिला फार आखूड वाटलं. चार दिवसांनी पट्टी सोडली तेव्हा तिनं बघितलं. अंगठा मुळापासून गेला होता, आणि त्याच्या मागचा पायाचा थोडा भागही.

ती रडली नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाली, "मी कागदावर हाताचा अंगठा दिला, त्यांनी पायाचा घेतला. मला एका शब्दानं कोणी इचारलं नाय."

घरी सोडताना ऑपरेशन केलेले डॉक्टर पाठारे सावळीरामशी व्हरांड्यात उभ्याउभ्या बोलले. माणूस तुटक होता, पण त्यांनी सगळं स्वच्छ सांगितलं. या रोगाला मेलॅनोमा म्हणतात. कातडीला काळा रंग देणाऱ्या पेशींचा हा कॅन्सर. आपल्या लोकांत तो बहुधा तळपायाला नाहीतर नखाखाली होतो, म्हणून लवकर कळत नाही. पायाचा भाग काढला आहे, पण रोग खोल गेला होता. दर महिन्याला जांघ चाचपून बघा. दर तीन महिन्यांनी इथं या. गाठ लागली तर त्याच आठवड्यात या. "समजलं ना?" त्यांनी विचारलं. सावळीराम हो म्हणाला.

गावी परतल्यावर त्यानं हे आबाला सांगितलं. दोघं विहिरीच्या काठावर बराच वेळ बसले होते. त्यांच्या आईला असाच रोग झाला होता, गळ्याचा. कोणीतरी तिच्या कानावर नाव घातलं आणि त्या दिवसापासून तिनं भाकरीला हात लावला नाही. "रोगानं मेली का नावानं मेली, देव जाणे," आबा म्हणाला. "गोजराला काही सांगायचं नाय. आपण लक्ष ठेवू."

सावळीरामनं लक्ष ठेवायचा प्रयत्न केला. पण कसं ठेवणार? एकदा भर दुपारी, ती मळ्यात झेंडू तोडत असताना, तो जवळ येऊन म्हणाला, "जांघेत काय दुखतंबिखतं का तुला?"

तिनं कमरेवर हात ठेवले. "हे काय इचारणं झालं? वय झालं तुमचं!"

शेजारच्या सरीतली मजूर बाई फिस्सकन हसली. सावळीरामनं पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

इकडं गोजराबाईची वेगळीच झटापट चालू होती. अंगठ्याशिवाय चालताना पाय फरपटायचा, ते एक. पण दोरा कशाला लावायचा? डाव्या अंगठ्याला लावला की कळ्या उलट्या तोंडानं बसत. दुसऱ्या बोटाला लावला की निसटे. शेवटी सावळीरामनं तिला फळीवर खुंटी ठोकून दिली. खुंटीला काही जीव नसतो. दोरा सैल पडला की पाय आपोआप ताणत असे, खुंटी ताणत नव्हती. पूर्वी जेवढे गजरे व्हायचे त्याच्या निम्मेसुद्धा होईनात. ती फळी तिनं दोनदा रस्त्यात भिरकावली आणि दोनदा अक्काबाईनं उचलून आणून दिली.

मुंबईला ते दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा डॉक्टरनं चाचपलं, मान हलवली, तीन महिन्यांनी या म्हणाले. तिसऱ्या वेळी गोजराबाईनं साफ नाही म्हटलं.

"जखम भरली. पाय जेवढा बरा व्हायचा तेवढा झाला. ऐन शेवंतीच्या हंगामात मुंबईला कशाला? डॉक्टरला मान हलवताना बघायला?"

"जाऊन यावं," सावळीराम म्हणाला.

"का ते सांगा."

त्याला का ते सांगता येईना. "डॉक्टर म्हणले म्हणून," एवढंच तो म्हणाला.

"डॉक्टर तर नखात बुरशी हाय पण म्हणला होता."

 आबानंही एकदा सांगून बघितलं, पण खरं कारण लपवून सांगायचं म्हटल्यावर त्याच्याही बोलण्यात जोर येईना. तो हंगाम गेला, मग लग्नसराई आली, मग सुमनचं, त्यांच्या मुलीचं, लग्न झालं. जावई सातपूरच्या कारखान्यात पाळीवर होता. त्या गडबडीत मुंबई मागं पडली ती पडलीच.

एक्क्याऐंशीच्या दिवाळीआधी तिच्या उजव्या जांघेत गाठ आली. हरभऱ्याएवढी, न दुखणारी. पायाला काटा लागला, ठेच लागली की जांघेत अशी अवधाणाची गाठ येते हे कोणालाही ठाऊक असतं. गोजराबाईलाही ठाऊक होतं. तिनं मिठाच्या पाण्यानं शेकलं, बिब्बा घातला. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नाही. संक्रांत झाल्यावर ती सुमनकडं सातपूरला गेली होती. न्हाणीतून बाहेर येताना ती लंगडतेय हे सुमननं बघितलं.

"काय नाय गं, अवधाण आलंय. जात नाय मेलं."

सुमननं हात लावून बघितला. गाठ लिंबाएवढी झाली होती, दगडासारखी कडक. ती आईला घेऊन त्याच दिवशी मखमलाबादला आली आणि बापाला म्हणाली, "नाना, आईच्या जांघेत गाठ आहे."

सावळीराम ओट्यावरून उतरून गोजराबाईसमोर आला.

"कधीपास्नं?"

"दिवाळीच्या आधीपास्नं असंल," गोजराबाई म्हणाली. "तोंड काय असं करता?"

"त्यानं सांगितलं होतं..." सावळीरामच्या तोंडून निघून गेलं.

"कोणी? काय सांगितलं होतं?"

मग एकेक शब्द ओढून काढावा तसं सगळं बाहेर आलं. रोगाचं नाव, व्हरांड्यातलं बोलणं, दर महिन्याला चाचपायचं, त्याच आठवड्यात यायचं. गोजराबाई ऐकत राहिली. तिचा आवाज चढला नाही, त्यामुळं सुमनला जास्त भीती वाटली.

"मी मुंबईला नाय म्हणले तवा तुम्ही का नाय बोलला?"

"तू घाबरशील म्हणून."

"मी घाबरले असते. घाबरून गेले असते मुंबईला! आता काय, न घाबरता घरी बसले." ती उठली. "गाठ माझ्या अंगात. रोज अंघोळीला माझाच हात लागायचा तिथं. आन् कशासाठी हात लावायचा ते सगळ्या घराला ठाऊक, मला सोडून."

"आई आठवत होती," सावळीराम खालमानेनं म्हणाला. "आमच्या आईनं नाव ऐकून अन्न सोडलं."

"मी तुमची आई नव्हं!"

त्या दिवशी तिनं आबाच्या घरीही जाऊन, पदर घेऊन, उंबऱ्याबाहेर उभं राहून हेच सांगितलं.  भावकीतल्या बायका म्हणाल्या, बाईनं थोरल्या दिराला असं बोलू नये. रोगाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

सुमनही बरोबर मुंबईला गेली; तिथं डॉक्टर पाठारे तेच होते. त्यांनी गाठ बघितली आणि सवयीनं म्हणाले, "नातेवाईकांना जरा..."

"पाय माझा हाय," गोजराबाई म्हणाली. "मला सांगा. त्यांना सांगून एकदा झालं."

डॉक्टरनी चष्मा काढला. "कुठल्या तुम्ही? नाशिकच्या ना? मग कांदा घ्या. कांद्याला जसे पापुद्रे..."

"कांद्याचं नको. आम्ही फुलवाले. पायाचं सांगा."

डॉक्टर पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघायला लागले. मग त्यांनी पायाचंच सांगितलं. रोग जिथं उगवला तिथंच असतो ती पहिली पायरी. त्यातही तो किती जाड आहे, कातडीत किती खोल उतरलाय हे बघतात. पातळ असताना कापून काढला तर बहुतेक माणसं सुटतात. जाड झाला की भरवसा कमी. पायातून सुटला की तो वर येतो आणि जांघेतल्या गाठींत अडकतो. ती दुसरी पायरी. तिथूनही सुटला की फुप्फुसात, यकृतात, मेंदूत, कुठंही. ती तिसरी.

"मी आले तवा कितवी होती?"

"पहिली. पण जाड होता."

"नखावर नुसती रेघ होती तवा आले असते तर?"

"तर पातळ असता."

"आन् आता?"

"दुसरी. जांघेतल्या सगळ्या गाठी काढाव्या लागतील. त्यानंतर पाय सुजेल, कायमचा. बाकी कॅन्सरला विजेचा शेक देतात तसा याला फारसा लागू पडत नाही. कापणं हाच मुख्य उपाय."

तिनं हात जांघेवर ठेवला. मग विचारलं, "ही गाठ हरभऱ्याएवढी असताना तुम्हाला सापडली असती, तर मी बरी झाले असते का?"

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "कदाचित. कदाचित नाहीही."

या उत्तरावर ती सगळ्यात जास्त चिडली. परतीच्या एसटीत घोटीपर्यंत ती तेच म्हणत होती. "एवढे शिकलेले, एवढी यंत्रं, आन् सांगता येत नाय म्हणतो." सुमन म्हणाली, "खरं ते सांगितलं ना त्यांनी?" "हां," गोजराबाई म्हणाली, "पण खरं असलं कसलं? ना इकडलं ना तिकडलं."

ऑपरेशन झालं. पाय खरंच सुजला. खांबासारखा जड झाला. उन्हात जास्त बसलं की कातडी तटतटायची. तरी ती बाजारात यायची, पाय उलट्या पाटीवर ठेवून बसायची. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना तळपाय दाखवायला लावायचा तिनं सपाटा लावला. अक्काबाईच्या टाचेवर काळा ठिपका दिसल्यावर तर तिनं तिला भांडून-भांडून डॉक्टरकडं पाठवलं. तो काट्याखाली साकळलेल्या रक्ताचा डाग निघाला. अक्काबाई परत आली ती संतापून. "अख्खा सकाळचा धंदा बुडवलास माझा!"

"बुडू दे," गोजराबाई म्हणाली. "माझा अख्खा पाय बुडाला."

आता ती मुंबईला दर तीन महिन्यांनी जायची, कोणी सांगायची वाट न बघता. पण नेमानं जाण्यानं रोगाला काही फरक पडला नाही. चौऱ्याऐंशीच्या थंडीत तिला खोकला लागला तो थांबेना. छातीचा फोटो काढला. फोटो आल्यावर डॉक्टर पाठाऱ्यांच्या जागी आलेल्या तरुण डॉक्टरनं दारातून विचारलं, "पेशंटचे मिस्टर कोण? जरा आत या."

सावळीराम उठला आणि जागेवरच उभा राहिला. टोपी त्याच्या डोक्यावरच होती. "ती आत आली तरच मी येतो," तो म्हणाला.

दोघं आत गेले. तिसरी पायरी, हे तिनं डॉक्टरच्या आधीच म्हणून टाकलं. इंजेक्शनं होती, पाच-सहातल्या एखाद्याच्या गाठी त्यानं काही महिने आकसतात, बरं मात्र कोणी क्वचितच होतं, असं डॉक्टर अडखळत म्हणाला. तिनं घेऊन बघते म्हटलं. पहिल्या खेपेला ती आठवडाभर ओकत होती, दुसऱ्या खेपेला त्याहून जास्त, आणि फोटोत गाठी वाढलेल्याच निघाल्या. तिसऱ्या खेपेला तिनं नाही म्हटलं. या वेळी का ते तिला माहीत होतं, आणि सावळीरामनंही आग्रह केला नाही.

बाहेर आल्यावर ती त्याला म्हणाली, "सगळं कळलं. आन् कळून करायला काय उरलं नाय. आधी कळलं असतं तर करायला काय तरी होतं." सावळीरामनं तिचा हात धरून तिला एसटीत चढवलं. 

पंच्याऐंशीच्या गणपतीत ती गेली. दहाव्याला नदीवर भावकी जमली होती. गिरणारेहून आलेल्या एका पाहुण्यानं आबाला विचारलं, "कशानं गेल्या वहिनी?"

"पायाचं दुखणं होतं जुनं," आबा म्हणाला.

"कॅन्सर होता," सावळीराम मागून म्हणाला. "कातडीचा. नखाखाली झाला, मग जांघेत गेला, मग छातीत."

पाहुणा त्याच्याकडं बघत राहिला. "कातडीचा? कातडीचा कुठं असतो कॅन्सर?"

सावळीरामनं पुन्हा सांगितलं. काळी रेघ, बुरशीचं मलम, उपटलेलं नख, सगळं. पाहुण्यानं मान हलवली आणि म्हणाला, "म्हणजे काटाबिटा मोडला असंल आत. त्याचंच झालं असंल." आजूबाजूचे चार-पाच जण हो म्हणाले. त्यांतल्या एकानं काटा कुजून पाय तोडावा लागलेल्या आपल्या मामाची गोष्ट सुरू केली, आणि सगळे ती ऐकायला लागले. सावळीरामनं तिसऱ्यांदा तोंड उघडलं, मग मिटलं, आणि तो नदीच्या पायरीवर जाऊन बसला.